अटी एका ओळीत बसवाव्यात की सुट्या इफमध्ये मांडाव्यात?

टीमची कोडिंगची पद्धत ठरवायला बसलं की हा प्रश्न लवकरच निघतो. एक गट म्हणतो, टर्नरी ("अट ? एक किंमत : दुसरी किंमत" असा लिहायचा ऑपरेटर) आणि &&, || (म्हणजे "आणि", "किंवा") वापरून निर्णय एका ओळीत संपवा. दुसरा म्हणतो, प्रत्येक अट वेगळ्या इफमध्ये लिहा आणि तिथल्या तिथे रिटर्न करा, म्हणजे फंक्शनमधून बाहेर पडा. मी दोन्ही पद्धतींनी बरीच वर्षं लिहिलं आहे. आज मी दुसऱ्या गटात आहे, पण पहिल्या गटाचं म्हणणं मला पटतही होतं आणि काही ठिकाणी अजूनही पटतं.

वेगाचा मुद्दा आधीच बाजूला ठेवू. साधी टर्नरी आणि त्याच अर्थाचा इफ-एल्स यांतून ऑप्टिमायझेशन चालू असलेला कंपायलर बहुतेकदा सारखाच मशीन कोड काढतो. वेगासाठी ओळ आखडून घेण्यात फारसा अर्थ नाही.

टर्नरीची खरी ताकद वेगळीच आहे. दोनपैकी एक किंमत निवडून कॉन्स्टमध्ये (पुन्हा न बदलणाऱ्या नावात) ठेवायची असेल, तर तिच्याइतकं नेटकं काही नाही. तेच इफने करायला गेलं, की व्हेरिएबल आधी रिकामं जाहीर करावं लागतं, आणि एखाद्या फांदीत किंमत द्यायची राहून जाते. रस्ट आणि कॉटलिनमध्ये इफ स्वतःच किंमत देतो, त्यामुळे तिथे हा पेच उरत नाही. कॉटलिनमध्ये तर टर्नरी नाहीच. गो भाषेतही ती मुद्दाम ठेवलेली नाही. तिच्या कर्त्यांनी कारण दिलं आहे ते असं, की या ऑपरेटरचा वापर करून लोक वाचता न येणारी एक्स्प्रेशन्स रचतात. मला ते थोडं कडक वाटतं. एका पातळीची टर्नरी मी आजही आनंदाने लिहितो.

टर्नरीत टर्नरी आली, की मात्र माझा हात थांबतो. एक छोटा नमुना:

खरं ? "अ" : खरं ? "ब" : "क"

सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये याचं उत्तर "अ". पीएचपीमध्ये बरीच वर्षं याचं उत्तर "ब" येत असे, कारण तिथे गट डावीकडून पडत. ७.४ आवृत्तीत कंसाशिवायच्या अशा रचनेबद्दल इशारा येऊ लागला आणि २०२० च्या ८.० मध्ये ती थेट एरर झाली. ज्या ओळीचा अर्थ भाषेगणिक बदलतो, ती दोन भाषांत रोज काम करणाऱ्या माणसाने भरभर वाचून बरोबरच समजावी, ही अपेक्षा जास्त आहे.

|| ने डिफॉल्ट किंमत देण्याची सवयही तपासून पाहावी. "सूट || १०" असं लिहिलं आणि सूट खरोखर शून्य असली, तर जावास्क्रिप्ट शून्याला खोटं धरून १० देतं. किंमतच नसेल तरच डिफॉल्ट देणारा ?? हा ऑपरेटर २०२० मध्ये प्रमाणित झाला, तो नेमका याच दुखण्यावर. पायथनमध्येही २००६ च्या २.५ आवृत्तीत कंडिशनल एक्स्प्रेशन येण्याआधी लोक अँड-ऑर जोडून काम भागवत, आणि पहिली किंमत शून्य किंवा रिकामी निघाली की दुसरीच हाती येई.

पण या सगळ्यांवर उपाय आहेत: कंस घाला, ?? वापरा, लिंटरचा (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या साधनाचा) नियम चालू करा. माझा कल बदलला तो दुसऱ्याच गोष्टीने.

ग्राहकांना मुदत संपण्याची आठवण पाठवणारं एक फंक्शन होतं. त्यातला निर्णय असा:

खातं && खातं.मुदतजवळ && मर्यादेत(खातं) && !(खातं.ईमेलबंद || खातं.एसएमएसबंद)

दिसायला सुबक. मीच लिहिली होती आणि रिव्ह्यूमध्ये कोणी हरकत घेतली नव्हती. मग तक्रार आली, की काही जणांना आठवण जातच नाही. लॉग उघडला. त्यात एवढंच: पाठवली नाही. का नाही, ते कुठेच नाही. आणि ते असणार तरी कुठून? पाच अटींचं मिळून एकच खरं-खोटं बाहेर पडतं, कारण आतल्या आत विरून जातं.

मग स्वतःच्या मशीनवर डीबगर लावला. ब्रेकपॉइंट त्या ओळीवर थांबला. एक पाऊल पुढे टाकलं, तर ओळ संपलेली आणि हातात खोटं. खात्याची प्रत्येक फील्ड वेगळी उघडून पाहिली आणि कागदावर हाताने गणित मांडायला घेतलं. मर्यादेत() काय देतं ते बघावं म्हणून ते वॉचमध्ये (डीबगर ज्यांची किंमत दाखवत राहतो त्या यादीत) टाकलं. ते फंक्शन दर वेळी आजच्या संदेशांचा आकडा एकने वाढवत होतं. वॉच प्रत्येक थांब्यावर ते पुन्हा चालवत राहिला, मर्यादा संपली, आणि आता भलतीच अट खोटी दिसू लागली. दुपार त्यात गेली.

शेवटी ओळ फोडली, तेव्हा चूक लगेच समोर आली. ईमेल आणि एसएमएस दोन्ही बंद असतील तरच आठवण पाठवायची नव्हती, म्हणजे कंसात && हवं होतं. मी || लिहिलं होतं, त्यामुळे एकच मार्ग बंद केलेल्यालाही काहीच जात नव्हतं. कंसाबाहेरचा नकार वाचताना मन आतल्या "किंवा"ला "आणि" करून घेतं. डी मॉर्गनचा नियम (नकार कंसात नेला, की "किंवा"चं "आणि" होतं आणि "आणि"चं "किंवा") सगळ्यांनाच येतो, तरी घाईत तो उलटा लागतो.

चूक कोणत्याही पद्धतीत झाली असती, हे मी मानतो. मला खटकलं ते हे, की त्या ओळीला "का?" असं विचारायचं, तर आधी ती मोडावी लागते. आज तेच फंक्शन असं आहे: खातं नसेल तर परत. मुदत जवळ नसेल तर परत. दोन्ही मार्ग बंद असतील तर परत. मर्यादा संपली असेल तर परत. मग पाठव. प्रत्येक परतीच्या वर लॉगची एक ओळ आहे, तिच्यात कारण लिहिलेलं असतं. आकडा वाढवणारी अट शेवटी नेली, म्हणजे ज्यांना पाठवायचंच नाही त्यांच्यासाठी तो वाढत नाही. पुढे एक नवी अट आली तेव्हा डिफमध्ये (आधीच्या आणि नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) फक्त तिच्याच ओळी हिरव्या दिसल्या. पूर्वी तीच मोठी ओळ लाल-हिरवी होऊन येई आणि नेमकं काय बदललं ते डोळ्यांनी शोधावं लागे.

फोडताना एक काळजी घ्या. पाच अटींना पाच नावं देऊन वर व्हेरिएबल्स केली, तर शॉर्ट-सर्किट (आधीची अट खोटी निघाली की पुढची न तपासणं) जातं: खातं रिकामं असलं तरी पुढची ओळ त्यातली मुदत वाचायला जाते आणि कोसळते. नावं द्यावीतच, पण राखण करणारी अट इफमध्ये आधी असू द्या.

सुट्या इफचेही तोटे आहेत. स्क्रीन जास्त व्यापते. परतीऐवजी इफच्या पोटात इफ घालत गेलात, तर उजवीकडे सरकत जाणारी उतरंड तयार होते, आणि ती त्या एका ओळीपेक्षाही वाईट. सी मध्ये मेमरी किंवा फाइल मोकळी करायची असेल, तर लवकर रिटर्न करताना ते राहून जातं. महिरपी कंस गाळणं तर महागात पडतं: २०१४ मध्ये उघड झालं, की ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये कंस नसलेल्या साध्या इफखाली "गोटू फेल" (थेट शेवटच्या भागाकडे उडी) ही ओळ दोनदा पडली, दुसरी इफच्या बाहेर राहिली, आणि सही तपासण्याचं पुढचं काम दर वेळी टळलं. त्यात चतुराई काहीच नव्हती. म्हणून एका ओळीच्या इफलाही मी कंस घालतो.

निवड तुमच्या कोडवर अवलंबून आहे. किंमत निवडायची असेल आणि फांद्या दोनच असतील, तर टर्नरी ठेवा. एका किल्लीवरून दहा किमतींपैकी एक काढायची असेल, तर टेबल किंवा मॅप दोन्हींपेक्षा बरा. पण उत्तर "हो" किंवा "नाही" असेल आणि उद्या कोणी "का नाही?" असं विचारण्याची शक्यता असेल, तर मी सुट्या इफकडेच वळेन.

जुन्या ओळी फोडायच्या असतील, तर हात घालण्याआधी तक्ता करा. मी मर्यादेच्या जागी ठरावीक उत्तर देणारं नकली फंक्शन लावलं आणि सगळ्या शक्यता लिहून काढल्या: खातं असताना चार अटींच्या १६ आणि खातंच नसल्याची १, अशा १७. जुना आणि नवा कोड दोन्ही त्यांवरून चालवला. १५ ठिकाणी उत्तर तेच आलं. २ ठिकाणी बदललं: फक्त ईमेल बंद, आणि फक्त एसएमएस बंद.