आमच्या जिल्हा परिषदेचा अर्थ विभाग आणि कॅफोची खुर्ची

जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागाची सेवा कशी आहे असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते: सध्या मुख्य लेखा व वित्त अधिकारी कोण आहेत, आणि ते पद रीतसर भरलंय की कुणाकडे अतिरिक्त कार्यभार आहे? कार्यालयात सगळे या पदाला ‘कॅफो’ म्हणतात. इमारत तीच, टेबलं तीच, माणसंही बरीचशी तीच; पण त्या केबिनमध्ये कोण बसलंय यावर खालच्या प्रत्येक टेबलाची चाल ठरते. माझी सगळी नोकरी पंचायत समितीच्या लेखा शाखेत झाली आणि सहायक लेखा अधिकारी म्हणून मी निवृत्त झाले. आधी या विभागाकडे बिलं पाठवत होते, आता त्याच विभागाकडून निवृत्तिवेतन घेते. दोन्ही बाजूंनी पाहून पाचपैकी साडेतीन तारे देते आहे. काही वर्षांपूर्वी दोनच दिले असते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अर्थ विभाग म्हणजे धनादेश फाडणारं खातं. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, परिचर अशा हजारो लोकांची आयुष्यभराची शिल्लक या एका विभागाच्या नोंदींवर उभी असते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचं भविष्य निर्वाह निधीचं खातं साधारणपणे महालेखापालांकडे असतं, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याचं मात्र इथेच. निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेणं), गटविमा यांच्या फायलीही इथूनच पुढे सरकतात. रस्त्याचं बिल, शाळाखोलीचं बिल, औषधांचं बिल, सगळं तपासून पैसे इथूनच सुटतात. कॅफो महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतले असतात. अर्थ समितीचे सचिव तेच, अंदाजपत्रक तेच मांडून देतात आणि पैशाच्या बाबतीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना सल्लाही त्यांचाच. १९६१च्या कायद्याने १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि १९६८ची लेखा संहिता आली. रोकडवही रोज कशी बंद करायची इथपर्यंत सगळं त्यात लिहिलेलं आहे. नियम कमी पडलेत असं मला नोकरीत कधी वाटलं नाही. ते पाळून घेणारं माणूस वर असावं लागतं.

माझ्या नोकरीतला एक मोठा काळ असा गेला की पद रिकामं आणि कार्यभार दुसऱ्याच कुणाकडे. ते साहेब भले होते, पण त्यांची मूळ खुर्ची वेगळी. सह्या आठवड्यातून ठरलेल्या दिवशी व्हायच्या, तोपर्यंत फायली थांबायच्या. भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या, म्हणजे खात्यावर किती जमा आहे ते सांगणारे वार्षिक कागद, मागे पडत गेल्या. मार्च आला की रात्री उशिरापर्यंत दिवे, जिन्यात ठेकेदार, टेबलावर गठ्ठे. वर्षभर न सुचलेली कामं शेवटच्या आठवड्यात पैशाला जुंपायची आणि ३१ तारखेला किती कोटी खर्ची पडले ते अभिमानाने सांगायचं. जिल्हा परिषदेला राज्याचा बराचसा योजनांचा निधी खर्च करायला पुढचं वर्षही मिळतं, तरी ही घाई. मुदत संपली की अखर्चित रक्कम शासनाकडे परत जाते, आणि कोणती रक्कम कोणत्या वर्षाची हेच नोंदींवरून कळत नसेल तर शेवटी आकडा नुसता अंदाजाने काढला जातो. तालुक्यावर बसून हे पाहताना जीव तुटायचा, कारण तो पैसा कुठल्या तरी उपकेंद्राच्या छपराचा असायचा.

मग एक मॅडम रुजू झाल्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत सगळ्या तालुक्यांकडून खर्चाची टक्केवारी न मागता ताळमेळ मागितला. रोकडवहीतली महिनाअखेरची शिल्लक आणि बँकेच्या विवरणपत्रातली शिल्लक समोरासमोर ठेवायची, फरक असेल तर एकेक रक्कम शोधून त्याचं कारण लिहायचं. हे दर महिन्याला व्हायलाच हवं असतं. आमच्याकडे ते ‘अंदाजे जुळतंय’ या शब्दांवर चाललं होतं.

त्यांचं तपासणं मी जवळून पाहिलं. विवरणपत्र हातात घेतलं की त्या बेरजेकडे आधी बघत नसत. ‘दिलेले पण न वटलेले धनादेश’ या रकान्यात पेन्सिल खाली आणत जायच्या आणि सगळ्यात जुन्या तारखेवर थांबायच्या. धनादेशाची मुदत २०१२पासून तीनच महिन्यांची आहे. म्हणजे पाच महिन्यांपूर्वीचा धनादेश अजून यादीत असेल, तर तो आता वटणारच नाही. कागदावर पैसे दिलेले, प्रत्यक्षात खात्यात पडून. “हे कुणाचे पैसे आहेत?” एवढंच त्या विचारायच्या. आमच्या तालुक्याच्या यादीतला असाच एक धनादेश निघाला पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांच्या मानधनाचा. शाळेचं खातं दुसऱ्या शाखेत गेलं होतं, धनादेश परत आला होता आणि आवक-जावकच्या फाईलला टाचलेला होता. त्या बायकांनी दोनदा चौकशी केली होती आणि त्यांना ‘पैसे दिलेत’ असं उत्तर मिळालं होतं, कारण रोकडवही तसंच सांगत होती. मॅडमनी त्याच दिवशी जुना धनादेश रद्द करून रक्कम परत जमेस घ्यायला लावली आणि नवीन काढला. मग सगळ्या तालुक्यांना पत्र गेलं: तीन महिन्यांवरच्या प्रत्येक धनादेशामागे माणसाचं नाव आणि कारण लिहा. त्या पत्राने जिल्हाभरातून किती अडकलेले पैसे बाहेर आले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मोठ्या आर्थिक नेतृत्वाबद्दल लोक बरंच बोलतात. माझ्या लेखी ते त्या पेन्सिलीत होतं.

दुसरी गोष्ट आक्षेपांची. पूर्वी बिल परत यायचं ‘मोजमाप पुस्तिकेचं पान जोडावे’ म्हणून. जोडून पाठवलं की ‘तांत्रिक मान्यतेची प्रत जोडावी’ म्हणून. ती जोडली की ‘अर्थशीर्ष तपासावे’, म्हणजे खर्च कोणत्या सदराखाली टाकला ते बघा. प्रत्येक फेरीत पंधरवडा जायचा आणि लहान ठेकेदार, बचत गट, पुरवठादार पार थकून जायचे. फेऱ्या वाढल्या की मधले लोक तयार होतात, हे वेगळं सांगायला नको. मॅडमनी आदेश काढला की बिल तपासताना जे काही आक्षेप असतील ते एकदमच लिहायचे आणि खाली तपासणाऱ्याची सही. दुसऱ्या फेरीत नवा आक्षेप निघाला तर तो पहिल्यांदा का दिसला नाही याचा खुलासा. शिवाय बिलं आवक क्रमांकानेच पुढे जातील, मधलं बिल वर काढायचं असेल तर कारण लिहून त्यांची सही घ्यायची. पैसा लागला नाही, संगणक लागला नाही. खालच्या टेबलांचा विरोध झाला, कुरबुर झाली. पण त्या रोज दुपारी स्वतः आवक नोंदवही मागवून बघायच्या, त्यामुळे आदेश कागदावर राहिला नाही.

भविष्य निर्वाह निधीचं तर माझ्या स्वतःच्या खात्यावरच बेतलं होतं. सहाव्या वेतन आयोगाच्या फरकाचे पाच हप्ते निधीत जमा व्हायचे होते. मधे माझी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली आणि एक हप्ता कुठल्याच पावतीवर चढला नाही. पगारातून तो वळता झालेला, कपातीची यादी (अनुसूची) पाठवलेली, खात्यावर मात्र नाही. बदलीवर गेलेल्या शिक्षकांपैकी अनेकांचं हेच दुखणं होतं. एक महिना चुकला की नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. व्याजावर व्याज बुडत जातं. गेली काही वर्षं दर ७.१ टक्के आहे, त्याआधी तो याहून जास्त होता. मॅडमनी निधीची शाखाच तालुक्यावर आणली. पंचायत समितीच्या सभागृहात टेबलं मांडली, लोकांनी आपापल्या पगाराच्या पावत्या आणल्या, समोर खातेवही उघडली आणि राहिलेल्या जमा तिथल्या तिथे नोंदवल्या. माझा हप्ताही तिथेच सापडला. तो दुसऱ्याच नावाच्या सरमिसळीत गेला होता. निवृत्त झाल्यावर अंतिम रक्कम मिळाली ती व्याजासकट, आणि त्यासाठी मला कुणाच्या ओळखीची गरज पडली नाही.

पैसे वेळेवर देण्याइतकंच ‘नाही’ म्हणणं हेही या पदाचं काम आहे. स्वीय निधीतले, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले, २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. वर्षअखेरीला हा पैसा दुसरीकडे वळवण्याचा मोह सगळीकडे असतो, आणि त्या वेळी टिपणीवर स्पष्ट शब्दांत नकार लिहिणारा अधिकारी लागतो. ठेवी कुठे ठेवायच्या हाही असाच प्रश्न. राज्यात काही जिल्हा मध्यवर्ती बँका अडचणीत आल्या तेव्हा तिथल्या जिल्हा परिषदांचे, शिक्षकांचे पैसे अडकून बसले. ज्यांनी आधीच धोका ओळखून खाती हलवली त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, कारण तिथे काही घडलंच नाही. २०२२मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपून बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. अंदाजपत्रकावर सभागृहात होणारी चर्चा थांबली, अर्थ समितीत प्रश्न विचारणारे सदस्य उरले नाहीत. त्या काळात तर कॅफोच्या टिपणीचं वजन आणखी वाढलं. सदस्य त्रास द्यायचे हे खरं, पण कुठल्या गावाचं बिल का अडलंय हे त्यांच्यामुळेच चव्हाट्यावर यायचं.

दीड तारा कापला तोही सांगते. निवृत्तिवेतन शाखेचा दूरध्वनी लागत नाही. सत्तरी ओलांडलेल्या शिक्षकाला एका शंकेसाठी जिल्ह्याच्या गावी यावं लागतं, तेही वरच्या मजल्यावर. निवृत्तिवेतनाची तारीख नक्की नसते. यात दोष पूर्ण विभागाचा नाही, वरून अनुदान आल्याशिवाय ते वाटणार कसं. पण अनुदान आलं नसेल तर तसा एक संदेश तालुक्याच्या गटांवर टाकायला काय हरकत आहे? लोक दहा तारखेपासून बँकेत खेटे घालतात. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये दिला तरी कधीकधी नोंद होत नाही आणि पुढचं वेतन थांबतं. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे लावलेली शिस्त माणसाबरोबर निघून जाते. मॅडमची बदली झाली आणि आक्षेपांचा आदेश हळूहळू सैल पडला. ताळमेळ मात्र टिकला, कारण तोपर्यंत तालुक्यांनाच त्याचा फायदा कळला होता. सध्याचे साहेबही तो दर महिन्याला मागतात.

राज्यसेवेतून वित्त व लेखा सेवेत सहायक संचालक म्हणून लागलेली काही मुलं-मुली मला भेटतात. पसंतीक्रमात ही सेवा खाली टाकली होती असं सांगताना त्यांचा आवाज पडतो. मी त्यांना मनापासून सांगते, पुढे कधी जिल्हा परिषदेत कॅफो व्हायची संधी आली तर टाळू नका. गाडीला दिवा नसेल, गावात सत्कार होणार नाही, लेखापरीक्षणातले जुने आक्षेप आणि विधिमंडळाच्या पंचायती राज समितीचा दौरा झोप उडवतील. पण एका सहीने एवढ्या साध्या माणसांचं भलं करणारी पदं फार नाहीत. जिल्ह्याने कसं काम केलं हे कुणी मार्चच्या खर्चावरून सांगायला लागलं, तर त्याला विचारा ताळमेळ कोणत्या महिन्यापर्यंत झालाय.

जे येत्या वर्षात निवृत्त होणार आहेत त्यांच्यासाठी: पगाराच्या पावत्या टाकू नका, विशेषतः बदलीच्या वर्षाच्या आणि वेतन आयोगाच्या फरकाच्या. निधीची पावती दरवर्षी मागून घ्या आणि हप्त्यांशी ताडून बघा. चूक दिसली की अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सेवापुस्तकाची पडताळणी निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी करून घ्या, कारण वेतननिश्चितीतली जुनी चूक शेवटच्या महिन्यात निघाली तर वसुली उपदानातून होते. अर्ज तालुक्याच्या लेखा शाखेतूनच पाठवा. थेट जिल्ह्याला दिलेला कागद शेवटी तालुक्यालाच अभिप्रायासाठी परत येतो आणि महिना जातो. आणि जिल्ह्याला गेलातच, तर सकाळी लवकर जा. दुपारनंतर बँकेच्या याद्यांचं काम सुरू झालं की खातेवही काढून दाखवायला कुणाला उसंत नसते.