पेलेट स्टोव्ह : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्यात आमचे घर आहे. घर १९७० च्या दशकातले, दुमजली, साधारण १,७०० चौरस फुटांचे. तळघरात ऑइलवर चालणारा बॉयलर आहे आणि त्याचे गरम पाणी भिंतींच्या पायथ्याशी बसवलेल्या नळ्यांतून घरभर फिरते. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत घर तापवावे लागते. जानेवारीत एखाद्या रात्री पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. बॉयलर चालू असूनही खालची बैठकीची खोली कधी पुरेशी उबदार होत नसे, म्हणून तिथे आम्ही पेलेट स्टोव्ह बसवून घेतला. दोन पूर्ण हिवाळे तो रोज वापरल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे, कारण विकत घेताना जे आम्हाला कोणी सांगितले नाही, तेच वापरताना सर्वांत महत्त्वाचे ठरले.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने काढून केलेल्या, सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या आखूड कांड्या. दाबामुळे भुसा तापतो, लाकडातील लिग्निन मऊ होते आणि गार होताना तेच कांडीला घट्ट धरून ठेवते. ४० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ किलोंच्या पिशव्यांतून हे इंधन मिळते आणि ५० पिशव्यांचा एक टन धरतात. स्टोव्हच्या पाठीमागे हॉपर असतो, त्यात पिशवी ओतायची. हॉपरच्या तळाशी असलेला मळसूत्री दांडा, म्हणजे ऑगर, काही सेकंद फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो आणि दर वेळी मूठभरही नाहीत इतक्या कांड्या जाळाच्या भांड्यात टाकतो. आच वाढवायची म्हणजे ऑगरच्या फिरण्यातील विसावा कमी करायचा, इतकेच.

पहिल्या दिवशी स्टोव्ह पेटताना मी समोर बसून पाहिला. बटण दाबल्यावर आधी आतला धूर बाहेर ओढणारा पंखा सुरू झाला, मग भांड्यात कांड्या टपटप पडू लागल्या. भांड्यालगतची विजेवर तापणारी कांब लाल होते, ती दिसत नाही. दिसतो तो कांड्यांमधून निघणारा पांढरा धूर. तीन-चार मिनिटे धूर दाट होत गेला आणि अचानक त्याने पेट घेतला, तेव्हा काचेमागचा सगळा धूर एका क्षणात ज्वाळेत विरून गेला. आणखी काही मिनिटांनी दुसरा पंखा सुरू झाला. हा पंखा खोलीतील हवा आतल्या तापलेल्या नळ्यांवरून फिरवून परत खोलीत सोडतो. म्हणजे या यंत्रात हवेच्या दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींना कुठेही भेटता कामा नयेत : एक जाळाला मिळून धुरासह बाहेर जाणारी, दुसरी फक्त ऊब घेऊन खोलीत येणारी.

पहिल्या हिवाळ्यात सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. त्यांनी वाकून सगळे पाहिले आणि विचारले, "अगं, हिला वारा कुठून मिळतो?" त्यांच्या लहानपणी घरी भुशाची शेगडी होती. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या तोंडातून पेटवायचे. भुसा सैल राहिला की मधली पोकळी ढासळे, वारा बंद होई आणि घरभर धूर. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. विक्रेत्याला आम्ही तो विचारायला हवा होता. बोइंगमध्ये अभियंता असलेल्या जेरी व्हिटफील्ड यांनी १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात घरगुती पेलेट स्टोव्ह विकसित केला, हे मला नंतर वाचायला मिळाले. विमानाशी संबंधित माणसाच्या हातून हे यंत्र घडावे, यात मला नवल वाटले नाही. पेलेट स्टोव्हचे जवळजवळ प्रत्येक दुखणे हवेचे असते, हे मी आता खात्रीने सांगू शकते.

आमच्या स्टोव्हचे दुखणे पहिल्याच जानेवारीत सुरू झाले. ज्वाळा आधी आखूड, पांढुरकी-पिवळी आणि भात्यातल्यासारखी जोरकस असे. ती उंच, नारिंगी आणि आळशी होऊ लागली, काच दोन तासांत काळी पडू लागली आणि भांड्यात कांड्या अर्धवट जळून साचू लागल्या. ज्या दुकानातून स्टोव्ह घेतला होता तेथील माणसाने फोनवर इंधनाचे प्रमाण वाढवायला सांगितले. आम्ही ते केले आणि परिस्थिती आणखी बिघडली, कारण कमी पडत होती ती हवा. इंधन मुळातच जास्त होत होते. शेवटी स्टोव्ह पूर्ण गार करून धुराच्या नळीच्या खालच्या टोकाचे झाकण उघडले, तेव्हा पिठासारखी बारीक करडी राख दोन वाट्या निघाली. आतल्या बाजूच्या पत्र्यांमागेही तितकीच होती. ती काढल्यावर त्याच संध्याकाळी ज्वाळा पूर्ववत झाली. त्या माणसाने एक साधा प्रश्न, नळी कधी साफ केली हा, विचारला असता तर आमचे आठ दिवस आणि तीन पिशव्या वाया गेल्या नसत्या, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर साफसफाईचा क्रम ठरून गेला. रोज सकाळी स्टोव्ह बंद करून गार होऊ द्यायचा, भांडे बाहेर काढून त्याची भोके मोकळी करायची आणि काच ओल्या कागदाने पुसायची. याला दहा मिनिटे लागतात. भांड्यात कधी काचेसारखा कडक, सच्छिद्र खडा तयार झालेला असतो. तो म्हणजे वितळून एकजीव झालेली राख, आणि लाकडात माती किंवा साल जास्त असली की तो लवकर होतो. आठवड्यातून एकदा आतली राख ओढून घ्यायची, पण साध्या व्हॅक्यूमने कधीही नाही : बारीक राख त्याच्या गाळणीतून खोलीत पसरते आणि एखादा जिवंत निखारा पिशवी पेटवू शकतो. राखेसाठी वेगळा व्हॅक्यूम मिळतो. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, फरशीवर ठेवावी. राखेच्या पोटात निखारे दिवसेंदिवस टिकतात. चांगल्या पेलेटची राख वजनाच्या एका टक्क्याहून कमी असते, म्हणजे एका पिशवीमागे साधारण शंभर-दीडशे ग्रॅम.

दाराच्या कडेने बसवलेली, फट बंद करणारी दोरीसारखी गॅस्केट तपासायची सोपी रीत आहे. दारात डॉलरची नोट धरून दार लावायचे आणि नोट ओढायची. सहज निघाली तर तेवढ्या जागी हवा चोरवाटेने आत शिरते आहे. आमच्याकडे दुसऱ्या हिवाळ्यात बिजागरीच्या बाजूला नोट अशीच सुटून आली.

पेलेटना पाण्याचा स्पर्शही सोसत नाही. गॅरेजमधील दोन पिशव्यांना खाली बारीक छिद्रे पडली होती, त्यांत ओल शिरली आणि ते न पाहता मी त्या ओतल्या. कांड्या फुगून पुन्हा भुसा झाल्या आणि ऑगर जागच्या जागी अडकला. अर्धा हॉपर वाटीने उपसावा लागला. आता पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवतो.

वीज गेली की स्टोव्ह थांबतो, ही या यंत्राची सर्वांत मोठी उणीव, कारण इथे वीज बर्फाच्या वादळातच जाते, म्हणजे नेमकी जेव्हा ऊब हवी तेव्हा. शिवाय धूर ओढणारा पंखा अचानक थांबल्याने भांड्यातील उरलेला धूर खोलीत येऊ शकतो. पेटताना सुमारे ४०० वॅट आणि नंतर १०० च्या आसपास इतकीच वीज लागत असल्याने आम्ही बॅटरी आणि शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच सुरळीत वीज देणारा इन्व्हर्टर जोडला. कार्बन मोनॉक्साइड या धुरातील, वास नसलेल्या विषारी वायूचा इशारा देणारी यंत्रे दोन्ही मजल्यांवर लावली आहेत. ती नसतील तर हा स्टोव्ह पेटवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैशांचे. एका टन पेलेटची उष्णता साधारण १२० गॅलन ऑइलइतकी धरतात आणि आमच्या वह्यांतील आकडे त्याला धरूनच आहेत : एका हिवाळ्यात तीन टन पेलेट लागले आणि ऑइल ७५० गॅलनवरून ४०० वर आले. टनाला ३६० डॉलर आणि गॅलनला ३.६० डॉलर या आमच्या दरांनी १,०८० डॉलर खर्चून १,२६० वाचले. घरपोच आणण्याचे भाडे वजा केल्यावर हातात फारसे उरले नाही. स्टोव्ह आणि नळीच्या बसवणीचा खर्च या हिशेबाने भरून निघायला फार वर्षे लागतील. केवळ बचतीसाठी कोणी घेणार असेल, तर आपल्या गावचे दोन्ही दर आधी मांडून पाहावेत.

मात्र बैठकीच्या खोलीत आता २१ अंश ऊब असते आणि मुले तिथे अनवाणी बसून अभ्यास करतात. आम्हाला हवे होते ते हेच. वरच्या खोल्यांत ही ऊब अर्धीच पोहोचते. आणखी एक गोष्ट : बॉयलरचा थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीतील ऊब पाहून त्याला चालू-बंद करणारे उपकरण, स्टोव्हच्या खोलीत असल्याने बॉयलर चालूच होईना आणि तळघर गार पडू लागले. तिथल्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटण्याचा धोका ओळखून आम्ही थर्मोस्टॅट जिन्याजवळ हलवला आणि कडाक्याच्या रात्री बॉयलर दोनदा तरी सुरू होईल अशा बेताने लावला.

एप्रिलच्या अखेरीस हॉपर रिकामा केला, नळी आतून ब्रशने घासली आणि ओल व पक्षी आत शिरू नयेत म्हणून तिचे बाहेरचे तोंड बांधून ठेवले. पेटवण्याआधी ते सोडायची चिठ्ठी स्टोव्हच्या दारावर चिकटवली आहे. येत्या हिवाळ्याचे तीन टन मागवून झाले आहेत. बिजागरीकडची गॅस्केट तेवढी बदलायची राहिली आहे.