हनीकोंब की पेलेट? कन्व्हर्टरचा आकार ठरवताना

दूषित वायू शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरसाठी दोन पुरवठादारांची कोटेशन समोर आहेत. एकात 200 लिटर कॅटॅलिस्ट, म्हणजे शुद्धीकरणाची रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, दुसऱ्यात 500. दुसरा सढळ हाताचा, असं मानण्याआधी दोघांनी धरलेला वायूचा प्रवाह पाहा. 400 अंश सेल्सिअसला तासाला 10,000 घनमीटर असलेला वायू शून्य अंशावर आणि त्याच दाबाला आणला, तर जेमतेम 4,060 घनमीटर भरतो. स्पेस व्हेलॉसिटी, म्हणजे तासाभराचा प्रवाह भागिले कॅटॅलिस्टचं घनफळ, सहसा या दुसऱ्या आकड्यावर काढतात. ती 20,000 धरली की साधारण 200 लिटर येतात. गरम प्रवाहच धरला तर 500. तेव्हा आधी दोघांकडून एकाच अटीवरचे आकडे मागा.

आता कॅटॅलिस्टचं रूप. हनीकोंब म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा छिद्रांचा ब्लॉक, पेलेट म्हणजे सुट्या गोळ्यांचा थर. हनीकोंबच्या सरळ नळ्यांतून वायू शांतपणे जातो. प्रवाह दुप्पट झाला तर प्रेशर ड्रॉपही, म्हणजे वायू आत शिरताना आणि बाहेर पडताना असलेल्या दाबातला फरक, साधारण दुप्पट होतो. पेलेटच्या थरात, वेग जास्त असेल तर, तो चौपटीच्या जवळ जातो आणि ब्लोअरचं वीजबिल वाढतं. धुळीचंही तसंच: पेलेटचा थर नकळत गाळणीचं काम करू लागतो. हनीकोंबमध्ये चौरस इंचाला 400 छिद्रं घेतली तर पृष्ठभाग भरपूर मिळतो, पण भिंतीसकट एका छिद्राच्या वाट्याला 1.27 मिलिमीटरच येतात. धुळकट वायूला 100 छिद्रांचा बरा, मग घनफळ वाढलं तरी चालेल.

पेलेटची खरी सोय वेगळीच आहे. सिलिकॉन, फॉस्फरस, शिसं यांचं विष बहुधा वायू शिरतो त्या बाजूला आधी साचतं. तेवढा थर उपसून नवा भरता येतो. हनीकोंबचा अख्खा ब्लॉक बदलावा लागतो. मात्र पेलेट झिजतात, बसतात, वर पोकळी राहते.

90 टक्क्यांऐवजी 99 टक्के शुद्धीकरण हवं असेल, तर साध्या प्रथम-क्रम गणितात (क्रियेचा वेग उरलेल्या प्रदूषकाच्या प्रमाणात धरला, तर) त्याच तापमानाला कॅटॅलिस्ट दुप्पट लागतो. आणि ब्लॉकच्या कडेच्या गॅस्केटमधून 2 टक्के वायू निसटत असेल, तर दुप्पट काय, दहापट भरूनही 99 गाठता येणार नाही.

वायू बऱ्यापैकी स्वच्छ आणि प्रवाह मोठा असेल तर मी हनीकोंबच घेईन. विषारी घटकांची खात्री नसेल आणि ब्लोअरमध्ये ताकद शिल्लक असेल, तरच पेलेट.