लॉनमोअरचं पातं घेताना धार नंतर बघा, आधी पंख बघा

पातं निवडताना बहुतेकांचं लक्ष धारेकडे जातं. धार काय, कानशीने घरीही लावता येते. मागच्या कडेचा वर वळलेला पंख मात्र बदलता येत नाही, आणि कुठल्या गवताला कुठलं पातं हे ठरतं त्याच्यावरच.

हाय-लिफ्ट पात्याचा पंख सर्वांत उंच. डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या झाकणाखाली, हवेचा ओढा इतका जोरदार, की लोळलेलं गवत उभं राहून कापलं जातं आणि पिशवी गच्च भरते. दाट, ओलसर लॉनला हेच घ्या; इंजिनावर बोजा जास्त पडतो, तेवढं धरून चाला. रेताड जमिनीवर मात्र ते चुकूनही नको. हवेबरोबर वाळू उचलली जाते आणि पंखाच्या वळणाशीच पत्रा घासत जातो. आधी तिथे खाच दिसते, मग चीर. चीर दिसली की धार कितीही शाबूत असो, पातं भंगारात; वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. अशा जमिनीला लो-लिफ्ट, म्हणजे बुटक्या पंखाचं पातं बरं.

मल्चिंग पात्याची तारीफ जरा जास्तच होते. दर आठवड्याला कापलं जाणाऱ्या कोरड्या गवतावर ते झकास चालतं: बारीक चुरा मुळाशी पडतो, पिशवीची कटकट नाही. पण उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायला गेलात की गाडी अडते. म्हणजे ६० मिमी ठेवायचं तर ९० मिमीला कापायलाच हवं. ओल्या गवतात तर डेक आतून लगद्याने लिंपला जातो. ‘थ्री-इन-वन’ पातं, म्हणजे चुरा करणं, पिशवी भरणं आणि बाजूला फेकणं तिन्ही करणारं, ही तडजोड. पिशवी भरण्यात ते हाय-लिफ्टच्या मागेच राहतं.

लांबी मोजताना एका टोकाच्या कोपऱ्यापासून समोरच्या टोकाच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजा, आणि मधल्या भोकाचा आकार जुन्याशी ताडून पाहा. वॉशर घालून बसवायची ‘युनिव्हर्सल’ पाती टाळलेली बरी. केंद्र जरा सरकलं की सगळं यंत्र थरथरतं.

कापलेल्या गवताची टोकं दुसऱ्या दिवशी पांढरट, चिंध्या झालेली दिसली, तर धार गेली. साधारण २०–२५ तासांच्या कामानंतर ही वेळ येते. आधी स्पार्क प्लगची वायर काढा, मगच हात घाला. मूळ कोन, बहुधा ३० अंश, तसाच राखा. वस्तऱ्यासारखी धार नको, पहिल्याच खड्याला मुडपते. ग्राइंडरवर पोलाद निळं पडलं तर पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला समजा. शेवटी तोल बघायला पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवा. जी बाजू खाली झुकेल तिथलं थोडं घासा. बसवताना पंख डेककडे, वरच्या अंगाला. उलटं बसलं तर नवंकोरं पातंही गवत नुसतं झोडपत राहतं.