जुन्या बाजारातला थिंकपॅड टी४२
पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घेतलेला, २००४ साली आलेला आयबीएमचा थिंकपॅड टी४२ हा लॅपटॉप लेखनासाठी आजही उत्तम आहे. सात ओळींच्या कीबोर्डवरील प्रत्येक कळ पुरेशी खोल दाबली जाते आणि बोट उचलताच ठामपणे वर येते. कळांमधला लाल ट्रॅकपॉइंट, म्हणजे बोटाने ढकलून माउससारखा वापरायचा छोटा ठिपका, एकदा अंगवळणी पडला, की हात कळांवरून हलवावाच लागत नाही. पडद्याच्या वरच्या कडेतला चिमुकला दिवा कळांबरोबर शेजारचा कागदही उजळतो, जे आजच्या, कळांखालून उजळणाऱ्या बॅकलिट कीबोर्डांना जमत नाही. बॅटरी अर्थातच गेलेली होती. हार्ड डिस्कची जोडणी जुन्या आयडीई पद्धतीची असल्याने नंतरच्या साटा जोडणीची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) थेट बसत नाही. घेताना यंत्र सुरू करून, बिजागऱ्या हलवून पाहाव्यात. ‘चालू कंडिशन आहे, साहेब’ एवढ्यावर विसंबू नये.