'वाचवलेली' ऑर्किड्स घेताय? आधी मुळं बघा

बडोद्यात लग्नसराई ओसरली की झाडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. डेकोरेशनची ऑर्किड्स कचऱ्यात चालली होती, आम्ही वाचवली, घरी नेऊन जगवा, एक रोप फक्त साडेतीनशे. सोबत पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे फोटो. मी आणि माझ्या वहिनीने मिळून सहा रोपं मागवली. अर्धे पैसे आगाऊ यूपीआयने, उरलेले रोपं घेऊन येणाऱ्या रिक्षावाल्याकडे द्यायचे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी खोकं आलं, रिक्षावाला पैसे घेऊन गेला, आणि मग आम्ही ते उघडलं.

फुलं नव्हती, ते ठीक. फुलं गळून गेलेली रोपंच तर वाचवायची असतात. पानं मात्र नको इतकी चकचकीत होती. बोट फिरवलं तर तेलकट लागलं. कुंडीतलं मॉस, म्हणजे शेवाळ, इतकं ठासून भरलेलं आणि ओलं, की कुंडी दाबली तर पाणी गळत होतं. पहिलं फॅलेनॉप्सिस, म्हणजे डेकोरेशनमध्ये नेहमी दिसणारं रुंद पानांचं ऑर्किड, हलकेच उचललं तर मातीत रोवलेल्या उदबत्तीसारखं सरळ वर आलं. खाली मूळच नाही. बुंधा तारेने थर्माकोलच्या तुकड्याला बांधलेला, वरून मॉस. दुसऱ्याला मुळं होती, पण चिमटीत धरून ओढल्यावर साल सरकून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला.

तिसऱ्याच्या मधोमध, जिथून नवं पान फुटतं तिथे, दालचिनीची पूड थापलेली. ऑर्किडवाले कापलेल्या जागेवर दालचिनी लावतात, ती जागा कोरडी पडते, हे खरंच. पण इथे ब्रशने पूड झटकली तर खाली काळा, मऊ झालेला गाभा. फॅलेनॉप्सिसला वाढीचा तो एकच कोंब असतो. तो सडला की रोप वर वाढत नाही, फार तर बुंध्याशी एखादं पिल्लू येतं, तेही नशीब असेल तर.

चौथं 'दुर्मीळ निळं' होतं. त्याच्या फुलांच्या दांड्यावर मेणाने बुजवलेलं टाचणीएवढं भोक दिसलं. गडद निळी फॅलेनॉप्सिस दांड्यात रंग टोचून केलेली असतात, पुढचा बहर पांढराच येतो. पाचवं, डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड, तेवढं खरं निघालं. सहावं पाहून मला सगळ्यात जास्त राग आला. ती वांडा होती, झाडांच्या खोडांवर वाढणारं ऑर्किड, मुळं एका बाजूने चपटी आणि त्यांना सालीचे तुकडे चिकटलेले. म्हणजे कुठल्या तरी झाडावर वर्षानुवर्षं सुखाने राहिलेलं रोप ओरबाडून आणलं होतं आणि आम्हाला 'वाचवलेलं' म्हणून विकलं होतं.

फोन केला तर माणूस भलताच गोड. "बेन, तमे पाणी वधारे नाख्युं हशे." म्हणजे पाणी आम्हीच जास्त घातलं असणार. अहो, खोकं उघडून तासही झाला नव्हता! मुळं अशी आतून पोकळ व्हायला आठवडे जातात. फोटो पाठवल्यावर त्याने उलट 'रिव्हायव्हल किट' घ्यायला सांगितलं: लेबल नसलेली टॉनिकची बाटली, 'ऑर्किडची माती' आणि वर बियांचं पाकीट. नीट ऐका. घरात लावतो ती बहुतेक ऑर्किड्स झाडाच्या सालीवर वाढणारी, त्यांच्या मुळांना हवा लागते. बागेतल्या मातीत ती गुदमरतात. ऑर्किडचं बी तर धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठा नसतो, निसर्गात ते बुरशीच्या मदतीने रुजतं नाहीतर प्रयोगशाळेतल्या बाटलीत. पाकिटातलं मोहरीएवढं बी ऑर्किडचं नाही, मग त्यावर चित्र काही का असेना.

अर्धमेलं ऑर्किड जगतं, पण मुळं किती उरलीत त्यावर. कोरडी असताना चंदेरी, पाणी पडताच हिरवी होणारी, दाबली तर टणक, ती जिवंत. मऊ आणि पोकळ असतील तेवढी ज्योतीवर तापवून गार केलेल्या ब्लेडने काढायची. मग रोप दिवसभर सावलीत कोरडं ठेवून कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरलेल्या, खाली-बाजूला भोकं असलेल्या कुंडीत बसवायचं. पारदर्शक प्लास्टिकची कुंडी असेल तर उत्तम, मुळं दिसत राहतात. मुळं नसलेल्या रोपाला खत अजिबात नको, कारण ते घेणार कशाने? त्याला किंचित ओलसर मॉसवर, पारदर्शक पिशवीत, ऊन न लागणाऱ्या उजेडात ठेवतात. नवं मूळ दिसायला महिने लागू शकतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, त्या लूमध्ये गॅलरीत असलं आजारी रोप टिकत नाही. पावसाळ्यात उलट, पिशवी उघडी ठेवली नाही तर बुरशी धरते. म्हणून जो 'पंधरा दिवसांत फुलं' म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

विकणाऱ्याला एवढंच सांगा: रोप कुंडीतून काढा आणि मुळांचा व्हिडिओ पाठवा, आज काढलेला, हातात आजचा पेपर धरून. खरा माणूस कुरकुर करेल पण पाठवेल. 'काढलं तर शॉक बसतो' म्हणाला तर समजून जा. आणि पैसे खोकं उघडल्यावर. डेकोरेटरकडची रोपं खरंच हवी असतील तर समारंभ संपल्यावर त्यालाच विचारा, बरेचदा फुकटही मिळतात.

वहिनीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पैसे घेऊन कुणी गायबच झाला तर सायबर फसवणुकीसाठी १९३० आहे, तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि खोकं उघडतानाचे फोटो जपून ठेवा. आमच्याकडे तेवढे होते म्हणून तक्रार धड लिहिता तरी आली. आमच्या ग्रुपवरून त्याला काढलं आहे, पण तेच फुलांचे फोटो आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या नंबरवरून, साडेचारशे रुपयांना फिरताहेत.