आय-सेव्हनच्या झाकणाखाली आय-थ्री

जेल रोडलगतच्या एका दुकानदाराने माझ्याकडून जुन्या प्रोसेसरचे (संगणकाचा मेंदू म्हणावा ती चिप) ६,८०० आणि लॅपटॉपच्या चार्जरचे १,१५० असे एकूण ७,९५० रुपये यूपीआयने घेतले आणि दोन्ही वस्तू खोट्या दिल्या. इंदूरचे मराठी वाचक या बाजारात नेहमी जातात, म्हणून हे लिहितो आहे.

मी काही परवा पहिल्यांदा संगणक उघडलेला माणूस नाही. माझ्या एच११० मदरबोर्डवर (प्रोसेसर ज्यावर बसतो तो मुख्य बोर्ड) आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर सॉकेट, म्हणजे बसवण्याची खाच, तेच ११५१ असूनही चालत नाहीत, त्यांना ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो, हे मला पक्के ठाऊक होते. म्हणूनच मी सातव्या पिढीचा आय-सेव्हन ७७०० मागितला (इंटेलचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर; आय-थ्री हा खालच्या दर्जाचा) आणि बायॉस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी बोर्डावरची प्रणाली, आधीच अद्ययावत करून ठेवले. वस्तू बसेल का, एवढ्याचीच चौकशी केली. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर जे छापले आहे तेच आत आहे का, हा प्रश्न कोणाच्या मनात येतो?

दुकानातला संगणक आधीपासूनच चालू होता. विंडोजच्या माहितीच्या पानावर आय-सेव्हन ७७०० असे स्वच्छ दिसत होते. हे नाव रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींत) हाताने बदलता येते आणि संगणक पुन्हा सुरू केला की खरे नाव परत येते. तेव्हा बंद करून पुन्हा सुरू करून दाखवल्याशिवाय पैसे काढूच नका. दुकानदाराने टास्क मॅनेजर, म्हणजे प्रोसेसरवरचा भार आलेखांत दाखवणारी विंडोजची खिडकी, हीही उघडली. तिथे आलेख चारच होते आणि मूळ वेग ३.७० गिगाहर्ट्झ लिहिला होता. ७७०० ला चार कोअर (प्रत्यक्ष गणना करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे प्रवाह); आलेख थ्रेडमागे एक, म्हणजे आठ हवेत, वेग ३.६० हवा. चार आलेख म्हणजे चार कोअर असे मी धरून चाललो, कारण नेमके तेव्हाच तो शुद्ध मराठीत म्हणाला, “काका, तुम्ही आपलेच, तुम्हाला काय फसवायचं?” दिवसभर हिंदी ऐकणाऱ्या बाजारात मराठी कानावर पडली की माणूस सैल पडतो, हे त्याला चांगले माहीत असावे.

घरी बायॉसने सांगितले: आय-थ्री ६१००. झाकणाच्या कडेला वाळलेल्या काळ्या सिलिकॉनचा ओघळ होता, म्हणजे झाकण काढून दुसरे चिकटवलेले. चार्जरवर ६५ वॅट, २० व्होल्ट छापलेले. मीटर लावला तर तो ९ व्होल्टच्या वर जाईना. चार्जरवरचा ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) केअर ॲपवर दुकानातच तपासा.

पोलीस ठाण्यात गेलो, तर हवालदाराने प्रोसेसर नाण्यासारखा उलटसुलट करून विचारले, “मेमरी कार्ड है क्या?” मग बिल मागितले. बिलावर फक्त ‘कंप्युटर पार्ट’ लिहिलेले! सायबर कक्षात गेलो, तर पैसे दुकानात उभे राहून स्वखुशीने दिले, ही ऑनलाइन ठगी नाही, असे उत्तर मिळाले. तिथून पुन्हा ठाण्यात, ठाण्यातून “साहब मीटिंग में हैं”. आय-थ्री हा आय-थ्रीच आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही माझ्यावरच; फसवणाऱ्याला एक फोन करण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, तिथे जाणार आहे. पण ‘कंप्युटर पार्ट’ एवढ्यावर काय लढायचे? बिलावर मॉडेल क्रमांक लिहूनच घ्या.

त्या दुकानाची जाहिरात अजून चालूच आहे: आय-सेव्हन ७७००, तपासलेला, आता ६,५०० रुपयांत.